सत्तर आणि नव्वदच्या मध्ये

आमच्या गावच्या वाचनालयाच्या दाराशी, डाव्या हाताला, काळ्या दगडाची कोनशिला आहे. तिच्यावरची शेवटून दुसरी ओळ माझी. ‘काचेची दर्शनी भिंत : आरेखन’, आणि पुढे माझं नाव, माहेरच्या आडनावासकट. ही ओळ मला कुणी आपणहून दिलेली नाही. मी ती मागितली, तिच्यासाठी भांडले, तिच्या एकेका शब्दाची घासाघीस केली. आणि आता माहेरी गेले की मी विहाराच्या मागच्या वाटेने घरी जाते. पुढून गेलं तर ती ओळ दिसते.

गाव चौलच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. वस्ती आमचीच, बौद्धांची. विहार जुना आहे, पण त्याच्या शेजारची जागा बरीच वर्षं मोकळी होती. तिथे वाचनालय बांधायचं ठरलं तेव्हा मी अलिबागला होते. हार्डवेअरच्या दुकानाच्या वर माझी एक खोली आहे, तिच्यात दोन कॉम्प्युटर आणि मोठे नकाशे छापणारा एक कुरकुरणारा प्लॉटर. आर्किटेक्ट लोक मला कागदावरची रेघ पाठवतात आणि मी तिची कॉम्प्युटरवर इमारत उभी करून देते. भिंती, जिने, खिडक्या, काच, सगळं. बांधकाम सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे ती इमारत उभी असते. तिच्यातून फिरता येतं, तिला उलटसुलट करून बघता येतं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, नवी मुंबईतल्या एका ऑफिसात आधी झेरॉक्स काढल्या, मग जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांची कामं करून देता देता सॉफ्टवेअर शिकले. कुणी हात धरून शिकवलं नाही. त्यामुळे माझ्या कामाचा भाव मी ठरवते आणि तो पाडून मागणाऱ्याशी मी भांडते. मासळी बाजारातही मी वाट्यावर दोन बोंबील जास्त घेतल्याशिवाय उठत नाही. लोक मला तिखट म्हणतात, त्यात खोटं काही नाही.

वाचनालयाची बातमी मला कळली ती माहेरच्या शेजारणीकडून. आर्किटेक्ट ठरला होता, पनवेलकडचा एक तरुण मुलगा. नकाशे झाले होते. कमिटीत माझा सख्खा भाऊ होता, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे माझं नाव कुणी काढलंसुद्धा नव्हतं.

मी दादाला फोन केला. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो कधीच आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडताना माणूस एकटाच भांडतोय असं वाटतं.

‘‘अगं, तुझं नाव निघालं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मीच म्हटलं, तिला कशाला त्रास. तिचं आपलं कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं काम असतं. हे बांधकाम आहे.’’

चित्रं. हा शब्द मी अजून गिळलेला नाही. आज हे लिहितानाही नाही. माझ्या चित्रांवरून नेरूळपासून मुरूडपर्यंत बंगले उभे राहिलेत, आणि माझ्या भावाला ती दिवाळीच्या भेटकार्डांसारखी वाटत होती.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. विहारात कमिटीची बैठक होती. मला बोलावलं नव्हतं, मी जाऊन बसले. अध्यक्ष आबा. आबांनी सगळी नोकरी उरणच्या बंदरावर केली, ते निवृत्त झाले तरी बैठकीत बंदरावरच्यासारखेच मोठ्याने बोलतात. त्यांनी मला बघितलं आणि हसले.

‘‘ये गं बाय. तू येशील म्हणून चहा जास्तीचा टाकायला सांगितला हाय.’’

आर्किटेक्टचा नकाशा भिंतीवर लावला होता. वाचनालयाचं तोंड पश्चिमेला, खाडीकडे. दर्शनी भिंत जमिनीपासून वरच्या बीमपर्यंत अख्खी काचेची, आणि ती सरळ नाही, मागे कललेली. उघडून टेकवून ठेवलेल्या पुस्तकासारखी. मला ती बघताक्षणी आवडली, आणि ती दुसऱ्याला सुचली याचा मला तितकाच राग आला. पण एक गोष्ट मला तिथेच दिसली. नकाशात काचेची फक्त चौकट होती. तिचे तुकडे किती, कसे, कुठे जोडायचे, काही नव्हतं. तिरकी काच कागदावर काढणं सोपं असतं. कॉम्प्युटरवर ती उभी करणं फार जणांना येत नाही, आणि त्या मुलाला येत नसावं.

मी वापरते त्या सॉफ्टवेअरमध्ये काचेची भिंत काढली की ती सरळच वर जाते. तिला कल म्हणून सांगायची सोय नाही. मग युक्ती करावी लागते. आधी एक भरीव ठोकळा उभा करायचा, त्याची पुढची बाजू हवी तितकी तासून तिरकी करायची, आणि त्या तिरक्या अंगावर काच चिकटवायची. मग तिच्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या की पट्ट्या आणि तुकडे आपोआप पडतात, आणि कॉम्प्युटर प्रत्येक तुकड्याचं माप सांगतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नवी मुंबईच्या ऑफिसात एका मॉलच्या कामावर ठेचा खाऊन खाऊन शिकले होते.

‘‘ही काच मी करते,’’ मी म्हटलं.

‘‘फी काय घेशील?’’ आबांनी विचारलं.

‘‘पैसे नकोत. कोनशिलेवर नाव घाला.’’

कोनशिलेवर कमिटी आणि आर्किटेक्ट एवढीच नावं ठरलेली होती. देणगी देणाऱ्यांचीसुद्धा नव्हती, कारण देणगी प्रत्येक घराने दिली होती. दादा म्हणाला, ‘‘आपण ‘विशेष सहाय्य’ असं घालू.’’

‘‘सहाय्य? चहा देणाऱ्याचं असतं ते सहाय्य. ‘आरेखन’ घाला.’’

‘‘आरेखन आर्किटेक्टचं आहे.’’

‘‘मग ‘काचेची भिंत : आरेखन’ घाला.’’

‘‘दर्शनी म्हण,’’ आबा म्हणाले. त्यांना मजा वाटायला लागली होती. ‘‘काचेची दर्शनी भिंत. बोलायला भारी वाटतं.’’

मी लगेच पकडलं. ‘‘बरं, दर्शनी. सगळ्यांसमोर ठरलं. आता फिरायचं नाही.’’

‘‘न्हाय फिरत,’’ आबा म्हणाले. ‘‘दगडावरचं कोण फिरवतंय?’’

घरी जाताना मी खूश होते. नाव मिळालं होतं, तेही नेमकं. कुणी विचारलं असतं की यात तुझं काय, तर बोट दाखवता आलं असतं. दादाच्या रोजच्या वाटेवर, त्याच्या डोळ्यांसमोर, चित्रं काढणाऱ्या बहिणीचं नाव कोरलेलं राहणार होतं. मला तेवढंच हवं होतं. वाचनालयातल्या मुलींचा, पुस्तकांचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला असं मी म्हणू शकत नाही.

मॉडेल करायला मी सगळा जीव ओतला. पाया भरला जात होता तोवर माझ्या कॉम्प्युटरवर वाचनालय पूर्ण झालं होतं. मग खांब वर आल्यावर कमिटीला ते दाखवायला मी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन गेले. विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली. बायकाही आल्या होत्या, वहिनी पुढेच बसली होती. मी वाचनालयाला गोल फिरवलं, आतून बाहेरची खाडी दाखवली. लोक खरंच हरखले.

मग आबा म्हणाले, ‘‘भिंत लय झोपलीय. पोरं घसरगुंडी करतील.’’

‘‘कोन किती आहे?’’ दादाने विचारलं.

‘‘सत्तर अंश.’’

‘‘मग नव्वद करा. सरळ भिंत, सरळ काम. उगाच तिरकं कशाला?’’

आर्किटेक्ट त्या दिवशी नव्हता. मी फोन करून त्याला विचारायला हवं होतं. पण समोर दादा नव्वद म्हणत होता, भिंतीवरच्या चादरीवर सत्तर दिसत होते, आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. माझ्या अंगातली बाजारातली बाई जागी झाली.

‘‘सरळ केली तर साधी दुकानाची काच वाटेल. पण झोपलीय हे खरं. ऐंशी करू.’’

‘‘पंच्याऐंशी,’’ आबा म्हणाले. त्यांनाही बाजार कळतो.

‘‘ऐंशी. शेवटचं.’’

आणि मी तिथल्या तिथे ऐंशी टाकले. चादरीवरची भिंत उठून बसली. लोकांच्या तोंडून ‘हां’ असा आवाज आला. भिंत उठली तसं वरचं बीमही पुढे सरकलं, कारण माझ्या मॉडेलमध्ये मी बीम भिंतीच्या वरच्या कडेला बांधून ठेवलं होतं. कडा जाईल तिकडे बीम. मला वाटलं, काय सुरेख काम केलंय मी. दादाने मान हलवली, आणि ती मान हललेली बघण्यासाठीच मी सगळं केलं होतं.

मॉडेलची नवी चित्रं मी कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. ग्रुपवर आर्किटेक्टही होता. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. ‘अँगलमध्येपण भाव झाला म्हणे. ताईंनी मधला आकडा काढला. भाजी मार्केट.’ पुढे हसणारे तीन चेहरे. त्याखाली कमिटीतल्या कुणीतरी आणखी एक हसणारा चेहरा टाकला, आणि त्याखाली दादाने अंगठा.

अंगठा त्याने चित्रांना दिला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला तो भाजी मार्केटला दिसला. मी ग्रुप सोडला. ‘लेफ्ट’ असं तिथे उमटतं, ते सगळ्यांना दिसावं म्हणूनच सोडला. आर्किटेक्टने फोन करून माफी मागावी, मगच मी बोलणार, असं मी ठरवलं. त्याने फोन केला नाही. मीही केला नाही. दादाचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत.

मला जे दिसलं नाही ते असं होतं. मी ग्रुप सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी आर्किटेक्टने लिहिलं होतं की बीमच्या फळ्या सत्तरच्या रेषेवर ठोकून झाल्यात, सळ्या बांधल्यात, आता बदल नको, सत्तरच राहू दे. कमिटी हो म्हणाली. ऐंशीचं काय व्हायचं ते तिथेच संपलं. ते मला सांगायला दादाने फोन केले होते.

आठवडाभराने वहिनी बाजाराला आली होती, तेव्हा जिना चढून माझ्या खोलीवर आली. पेढ्यांचा पुडा पुढे केला.

‘‘घे. तोंड गोड कर.’’

‘‘ठेव तिथे.’’

‘‘कशाचे म्हणून विचारायचं न्हाय?’’

‘‘मला काम आहे गं वहिनी.’’

ती थोडी थांबली. माझ्या पाठीकडे बघत असणार, कारण मी खुर्ची वळवली नव्हती. मग गेली. आमच्याकडे स्लॅब पडला की पेढे वाटतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. घराचा स्लॅब पडलेला दिवस म्हणजे अर्धं लग्न. पण पुडा बघून माझ्या मनात आलं ते इतकंच की पुतण्या पास झाला असेल, आणि आपल्या मुलाचे पेढे देऊन ही मला समजवायला आलीय. मी पुडा खालच्या हार्डवेअरवाल्याला देऊन टाकला. एकही खाल्ला नाही.

त्यानंतर काचेचं आलं. काचेचा भाव मीच ठरवणार हे आधीपासून ठरलं होतं, कारण एवढं मोठं काम गावात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. तळोज्याकडच्या कारखान्याशी मी दोन दिवस घासाघीस केली. शेवटी तिथला माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, इस रेट में आज के आज फायनल साइज भेजो, तो डालता है. कल का रेट कल.’’ भाव खरोखर चांगला होता. मी मापं पाठवली. मॉडेलमधली, ऐंशी अंशांची.

आता यात एक गोष्ट आहे जी माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगितली तर तो कपाळावर हात मारेल. अशी कडक केलेली काच एकदा भट्टीतून बाहेर आली की कापता येत नाही, वाढवता तर नाहीच. म्हणून नकाशावरून काच कधी मागवायची नसते. आधी जागेवर जायचं, टेप लावायची, तयार झालेल्या बांधकामाचं माप घ्यायचं, मगच ऑर्डर. हे मी दहा जणांना शिकवलंय. एका फॅब्रिकेटरला, त्याने टेप न लावता काच मागवली म्हणून, मी त्याच्या गिऱ्हाइकासमोर झापलं होतं. आणि मी स्वतः गेले नाही. गाव अर्ध्या तासावर. रिक्षाने गेले असते. गेले नाही, कारण तिथे दादा भेटला असता, आणि कदाचित तो आर्किटेक्ट, आणि आधी मला बोलावं लागलं असतं.

काच आली त्या दिवशी मात्र मी गेले. ती बसताना मला बघायचं होतं. कोनशिलाही त्याच दिवशी बसवून झाली होती. अक्षरं छान होती, सोनेरी भरलेली. मी आधी तीच बघितली. मग वर बघितलं.

लोखंडाची चौकट खालून वरच्या बीमपर्यंत आधीच उभी केलेली होती. फिटर लोकांनी पहिला तुकडा खाली बसवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तिसरा बसला तरी वर बीमच्या खाली मोकळी जागा राहिली. चांगली वीतभर. सगळ्या लांबीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आभाळाची एक पट्टी.

‘‘काच छोटा है, मॅडम,’’ फिटर म्हणाला.

शिडी जास्त तिरकी लावली की तेवढ्याच उंचीवर पोचायला ती लांब लागते. मी सांगायला नको, आंबे उतरवणाऱ्या कुणालाही ते माहीत आहे. बीम होतं सत्तरच्या जागी. काच होती ऐंशीची, म्हणजे आखूड शिडी. कॉम्प्युटरमधलं बीम माझ्या भिंतीमागे निमूट चाललं होतं. खरं बीम त्याच्या जागी राहिलं होतं.

मी ओरडायला तोंड उघडलं. कुणावर ओरडायचं याची मी खरंच शोधाशोध करत होते. आर्किटेक्ट कोपऱ्यात उभा होता, त्याच्यावरच सुरुवात केली. ‘‘बीम कुणी ठोकलं सत्तरवर? ऐंशी ठरले होते. सगळ्या गावासमोर ठरले होते.’’

तो गोरामोरा झाला. ‘‘ताई, मी ग्रुपवर लिहिलं होतं.’’

‘‘मी ग्रुपवर नाही.’’

‘‘बीमसकट स्लॅब होऊन महिना झाला, ताई.’’

‘‘मला कुणी सांगितलं?’’

वहिनी तिथेच होती, फिटर लोकांसाठी चहा घेऊन आली होती. ती माझ्याकडे न बघता कप भरत म्हणाली, ‘‘पेढे दिले व्हते की बाय. स्लॅबचे व्हते.’’

तिने टोमणा मारला नव्हता. माझी बाजू घेतल्यासारखं बोलली ती, म्हणजे कळवायचं राहिलं नव्हतं, घरच्यांनी रीत पाळली होती, एवढंच. मी तिथल्या वाळूच्या ढिगावर बसले. मला वाटलं होतं की दादा आता बोलेल, चित्रं, बांधकाम, काहीतरी. तो आत जाऊन वर बघत उभा राहिला, आणि मग बाहेर येऊन फिटरला म्हणाला, ‘‘आहे तेवढी नीट बसवा. घाई करू नका.’’

ती काच प्रत्येक घराच्या देणगीतून आलेली होती. मी नवी काच माझ्या खर्चाने आणते म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी जागेवर माप घेऊन ऑर्डर दिली. पण कारखान्याची रांग होती, पाऊस दारात होता, आणि उद्घाटन ठरलेलं होतं. मधल्या काळात ती वीतभर पट्टी उघडी राहिली असती आणि पश्चिमेची झड सरळ पुस्तकांवर आली असती.

पुढच्या वेळी गेले तेव्हा वाचनालयाच्या अंगणात बायका नारळाच्या झावळ्या विणत बसल्या होत्या. आमच्याकडे पावसाळ्याआधी पश्चिमेच्या पडवीला झाप बांधतात, झावळ्या विणून केलेला पडदा, झड आत येऊ नये म्हणून. तसाच एक लांबलचक झाप काचेच्या वरच्या कडेला बांधायचा होता. खाली चकचकीत काच आणि वर झावळ्यांची झालर. मी ठेचा खाऊन शिकलेली भिंत, आणि तिच्या कपाळावर गोठ्याला बांधतात तसलं काहीतरी. मला ते बघवेना.

मी दादाला बाजूला घेतलं.

‘‘ती ओळ काढून टाक.’’

‘‘कुठली?’’

‘‘माझी. कोनशिलेवरची. घासून टाका, वर पट्टी मारा, काहीही करा. येणारा माणूस वर झाप बघेल आणि खाली वाचेल, काचेची दर्शनी भिंत, आरेखन, आणि माझं नाव.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग? लाज वाटते मला.’’

‘‘मी ‘सहाय्य’ म्हणत होतो,’’ तो म्हणाला. ‘‘सहाय्य घातलं असतं तर कुणाला कळलं नसतं कशाचं. तूच म्हणालीस काचेची. आबांनी दर्शनी घातलं, तू तेही घेतलंस.’’

‘‘हो, घेतलं. आता नको म्हणते.’’

‘‘आबांना विचार.’’

आबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. मी त्यांच्याकडे वळायच्या आत ते म्हणाले, ‘‘न्हाय. सगळ्यांसमोर ठरलंय. फिरायचं न्हाय असं तूच म्हनलीस.’’

‘‘आबा, निदान ‘काचेची’ तरी...’’

‘‘बाय, तू आता दगडाचाबी भाव करतेस व्हय?’’

बायका हसल्या. वहिनीसुद्धा हसली. मी पण हसले असते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खाडीकडे तोंड केलं.

उद्घाटनाला मी जाणार नव्हते. वहिनी स्वतः न्यायला आली म्हणून गेले, आणि या खेपेला तिच्याकडे पाठ करायची माझी हिंमत नव्हती. वंदना झाली. दादाने आभार मानताना कोनशिला वाचायला घेतली, शाळेत हजेरी घेतात तशी, एकेक नाव स्पष्ट. आर्किटेक्टचं नाव आलं, टाळ्या झाल्या. मग त्याने वाचलं, ‘‘काचेची दर्शनी भिंत, आरेखन,’’ आणि माझं नाव.

सगळ्यात मोठ्या टाळ्या त्या नावाला पडल्या. आर्किटेक्टला पडल्या त्याहून मोठ्या. वर झाप फडफडत होता, कुणीही मान वर करून बघू शकत होतं, आणि तरी बायका, म्हातारे, शाळेतल्या मुली टाळ्या वाजवत होते. गावच्या मुलीचं नाव दगडावर आलं म्हणून. त्यात खोच नव्हती. मी शोधली, मला सवय आहे शोधायची. कुणाच्याही चेहऱ्यावर ती नव्हती. मी चपलांकडे बघत बसले. टोमणा मारला असता तर मी उलट बोलले असते. टाळ्यांना काय उलट बोलणार?

नवी काच आता तयार आहे. तिचं माप मी स्वतः घेतलं, शिडीवर चढून, टेप तीनदा लावून. खाली आर्किटेक्ट टेपचं दुसरं टोक धरून उभा होता. आम्ही मापांपलीकडे एक शब्द बोललो नाही. त्याचं भाजी मार्केट मी विसरलेली नाही, आणि दादाची चित्रंही नाहीत. माझी चूक झाली म्हणून ते दोघे बरोबर ठरले असं मी मानत नाही. पण हे कुणाला सांगायला जावं असं आता वाटत नाही. सांगायला तोंड उघडलं की वीतभर आभाळ समोर येतं.

परवा मी वहिनीला म्हटलं, ‘‘काच बसली की झाप काढून टाका बरं का.’’

‘‘कशाला काढायचा? झड येतेच की. काच असली म्हणून काय झालं, काचेवरून पाणी सांध्यात शिरतं. आम्ही दर साली बांधणार हाय. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला, पाऊस गेला, की काढू.’’

‘‘दर वर्षी?’’

‘‘दर साली. बायकांनी ठरवलंय. बरं दिसतं ते.’’

बरं दिसतं. माझा राग टाळूपर्यंत आला. जिथे दगडावर माझं नाव आहे, तिथे दर पावसाळ्यात वरून झावळ्या लोंबणार, आणि तेही बरं दिसतं म्हणून. निदान काच बसल्यावर तरी नको, निदान पहिला महिनाभरच, निदान उद्घाटनाच्या वर्षापुरतं. तीन-चार आकडे माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले.

वहिनी वाट बघत होती. तिला माझी खोड माहीत आहे.

‘‘बरं,’’ मी म्हटलं. ‘‘पौर्णिमेला काढा.’’

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, ताप आलाय की काय असं. मग म्हणाली, ‘‘झावळ्या विणायला ये पुढच्या साली. नाव हाय तुझं तिथं.’’